कुठल्या कारखान्याची जीप?

विलीज एमबी या युद्धकालीन जीपचे पुढचे दिवे जाळीच्या आत बसवलेले असतात. बॉनेट उचलायचं, एक विंगनट सैल करायचा, की दिवा बिजागरीवर मागे उलटतो आणि त्याचा झोत सरळ इंजिनावर पडतो. अंधारात, पावसात, बॅटरी धरायला दुसरा माणूस नसताना कार्ब्युरेटर खोलायची पाळी येणार, हे आराखडा करणाऱ्याने आधीच गृहीत धरलं होतं. म्हणून जुनी जीप समोर आली की जाणता मिस्त्री रंग बघत नाही, टायर बघत नाही. तो बॉनेट उचलतो आणि ही बिजागरी शोधतो. ती नसेल आणि दिवे जाळीबाहेर डोळे वटारून बसले असतील, तर मालक काहीही सांगो, गाडी युद्धावर गेलेली नाही.

रत्नागिरीकडे असं बॉनेट उचलण्याचा प्रसंग अधूनमधून येतो. कुणाच्या मांगरात गवताच्या भाऱ्यांमागे, कुणाच्या पडवीत सरपणाशेजारी, कुणाच्या कलमांच्या बागेत फाटक्या ताडपत्रीखाली जीप उभी असते. आजोबांनी घेतलेली, काकांनी चालवलेली, नंतर कुणीच हात न लावलेली. मुंबईहून मे महिन्यात आलेला नातू तिच्याकडे पाहतो आणि ठरवून टाकतो, हिला ‘ओरिजिनल’ करायची.

हा शब्द फार सहज तोंडातून निघतो. ओरिजिनल म्हणजे कारखान्यातून निघाली तशी, हे कुणीही सांगेल. पण कुठल्या कारखान्यातून? अमेरिकेत विलीजच्या टोलेडोच्या, की मुंबईत महिंद्राच्या कांदिवलीच्या? आणि कुठल्या वर्षी? पाना हातात घेण्याआधी या प्रश्नाचं उत्तर ठरलं नाही, तर दोन वर्षं आणि घरातल्यांचा संयम खर्चून शेवटी उभी राहते ती कुठल्याच कारखान्यातून कधीच न निघालेली गाडी. अशा गाड्या महाराष्ट्रात पुष्कळ आहेत. लग्नाच्या वरातीत त्या छान दिसतात.

कोकणाला जीप ठाऊक आहे ती हौसेची गाडी म्हणून नव्हे. एक पिढी अशी होती, की गावात जीप आली म्हणजे बीडीओ आले, नाहीतर पोलीस आले, नाहीतर निवडणूक आली. लसीकरणाची, रस्त्याच्या मोजणीची, भोंगा बांधलेल्या प्रचाराची, सगळी कामं तिच्यावर होत. पुढे कमांडर आणि ट्रॅक्स आल्या, वडाप सुरू झालं आणि दहा माणसांच्या गाडीत अठरा माणसं बसू लागली. कोकण रेल्वे पूर्ण लांबीने धावू लागली ती १९९८ साली. तोवर घाटावरून उतरणारे आणि खाडीकाठाने जाणारे कित्येक रस्ते असे होते, की एसटी जिथे थांबे तिथून पुढे बैलगाडी किंवा जीप. त्यामुळे इथली जुनी जीप ही राबलेली गाडी असते. तिच्यात बदल झाले ते गरजेपोटी, आणि प्रत्येक बदलाला कारण होतं. रिस्टोरेशन करणाऱ्याची खरी अडचण हीच आहे.

मुळापासून सुरुवात करायची, तर १९४० च्या उन्हाळ्यात अमेरिकी सैन्याने हलक्या, चारही चाकांना ताकद देणाऱ्या टेहळणी गाडीसाठी १३५ कंपन्यांना विचारणा केली. वेळेत पहिला नमुना उभा केला तो पेनसिल्व्हेनियातल्या बॅन्टम या छोट्या कंपनीने. कार्ल प्रोब्स्ट या अभियंत्याने आराखडा केला आणि २३ सप्टेंबर १९४० ला गाडी कॅम्प होलाबर्डला पोचती झाली. पण सैन्याला हव्या तेवढ्या गाड्या काढण्याची बॅन्टमची ऐपत नव्हती. काम गेलं विलीज-ओव्हरलँडकडे आणि जोडीला फोर्डकडे. युद्ध संपेपर्यंत दोघांनी मिळून सहा लाखांहून जास्त जीप बाहेर काढल्या. कल्पना एकाची आणि नाव दुसऱ्याचं, ही गोष्ट जीपच्या जन्मापासूनच तिला चिकटली आहे.

विलीजच्या यशामागे डेल्मर रूस हा मुख्य अभियंता होता. त्याला सगळे बार्नी म्हणत. ४८ अश्वशक्तीचं जुनं चार सिलिंडरचं इंजिन त्याने ६० अश्वशक्तीपर्यंत चढवलं. हेच ते ‘गो डेव्हिल’. सैन्याने नमुन्याच्या गाडीला २१६० पौंडांची, म्हणजे सुमारे ९८० किलोंची मर्यादा घातली होती. रूसने एकेक बोल्ट, एकेक पट्टी कापून वजन उतरवलं. शेवटी इतकं कमी अंतर उरलं, की रंगाचा एकच हात परवडणार होता, अशी गोष्ट सांगतात. आज त्याच गाडीवर लांबीचा जाड थर, त्यावर प्रायमर, त्यावर रंगाचे पाच-सहा हात आणि वर चकाकणारा लॅकर चढवून ‘फॅक्टरी कंडिशन’ म्हणून फोटो काढले जातात. मूळ गाडीचा रंग मंद होता, ऊन पडलं तरी न चमकणारा. विमानातून दिसू नये म्हणून तो मुद्दाम तसा ठेवला होता. चमकणारी युद्धजीप म्हणजे पितळेला सोन्याचा मुलामा देण्यासारखं आहे. सुंदर दिसते, पण खोटी.

भारतात या जीप मोठ्या संख्येने आल्या त्या ब्रह्मदेशच्या आघाडीसाठी. आसामातल्या लेडोहून ब्रह्मदेशमार्गे चीनला जोडणारा रस्ता जानेवारी १९४५ मध्ये खुला झाला, आणि त्या चिखलाने जीपची परीक्षा पाहिली. इथे रत्नागिरीकराला एक जुनं नातं आठवल्याशिवाय राहत नाही. ब्रह्मदेशचा शेवटचा राजा थिबा १८८६ पासून १९१६ मध्ये मृत्यू येईपर्यंत याच गावात नजरकैदेत होता. त्याचा राजवाडा आजही भाट्याच्या खाडीकडे तोंड करून उभा आहे. राजा तिकडून इकडे आला, आणि साठेक वर्षांनी तिकडच्या लढाईतून मोकळ्या झालेल्या गाड्या लिलावात विकल्या जाऊन देशभर पसरल्या. या दोन गोष्टींचा एकमेकींशी काही संबंध नाही, हे मान्य. पण थिबा पॅलेससमोर ऑलिव्ह रंगाची जीप उभी दिसली, तर क्षणभर थांबावंसं वाटतं खरं.

जुन्या जीपच्या डागडुजीने देशाच्या राजकारणातही एकदा धूळ उडवली होती. १९४८ मध्ये लंडनमधले आपले उच्चायुक्त व्ही. के. कृष्ण मेनन यांनी नेहमीची पद्धत बाजूला ठेवून सैन्यासाठी दुरुस्त केलेल्या जीप खरेदी करण्याचा करार केला. रक्कम होती सुमारे ८० लाख रुपये. प्रत्यक्षात उतरल्या १५५ गाड्या, आणि त्याही कामाच्या नाहीत असं सैन्याचं म्हणणं पडलं. १९५५ मध्ये सरकारने प्रकरण मिटवलं. ‘रिकंडिशन केलेली आहे साहेब, एकदम नवी’ या वाक्यावर विश्वास ठेवण्याआधी प्रत्येक खरेदीदाराने हे प्रकरण आठवावं.

आता कांदिवलीकडे. कैलासचंद्र महिंद्रा युद्धकाळात अमेरिकेत भारताच्या पुरवठा मिशनचं काम पाहत होते. तिथे त्यांची गाठ याच बार्नी रूसशी पडली. १९४५ मध्ये ‘महिंद्रा अँड मोहम्मद’ सुरू झाली. फाळणीनंतर भागीदार गुलाम मोहम्मद पाकिस्तानात गेले आणि पुढे तिथले गव्हर्नर जनरल झाले. इकडे १९४८ मध्ये कंपनीचं नाव ‘महिंद्रा अँड महिंद्रा’ झालं. म्हणतात, की कंपनीच्या कागदांवर ‘एम अँड एम’ ही अक्षरं आधीच छापलेली होती. चाळीसच्या दशकाच्या अखेरीस मुंबईत माझगावला सुट्या भागांच्या पेट्या उतरू लागल्या आणि जीप जोडली जाऊ लागली. पुढे काम कांदिवलीला गेलं आणि हळूहळू एकेक भाग इथेच बनू लागला.

इथे बनली ती मुख्यतः सीजे-थ्री-बी. अमेरिकेत हे मॉडेल १९५३ मध्ये आलं. नव्या ‘हरिकेन’ इंजिनात इनटेक व्हॉल्व्ह वर गेले, इंजिनाची उंची वाढली आणि ते जुन्या बॉनेटखाली मावेना. विलीजने सोपा उपाय केला. बॉनेटच उंच केलं. त्यामुळे गाडीचं कपाळ उंच झालं आणि तोंड जरा आश्चर्यचकित दिसू लागलं. आपल्याकडचे मिस्त्री म्हणूनच गाड्यांचे दोनच भाग करतात, ‘लो बॉनेट’ आणि ‘हाय बॉनेट’. लो बॉनेट म्हणजे युद्धातली एमबी, फोर्डची जीपीडब्ल्यू आणि त्यानंतरच्या सीजे-टू-ए, सीजे-थ्री-ए. हाय बॉनेट म्हणजे आपली. अमेरिकेत थ्री-बी १९६८ मध्ये बंद झाली. आपल्याकडे तिचा वंश पुढे कित्येक दशकं चालला.

लो बॉनेटला बाजारात मान आहे, हाय बॉनेटला नाही. मग जे व्हायचं ते होतं. दोन्हींच्या चाकांमधलं अंतर ८० इंच, म्हणजे चॅसिसवर बॉडी बसवायला फार अडत नाही. पंजाब-हरियाणाच्या सीमेवर मंडी डबवालीत नव्या पत्र्याच्या जीपबॉड्या तयार मिळतात. साठच्या दशकातली कांदिवलीची धडधाकट गाडी उघडायची, तिचं उंच बॉनेट भंगारात घालायचं, डबवालीची लो बॉनेट बॉडी चढवायची, नऊ फटींची जाळी लावायची, पांढरा तारा रंगवायचा आणि ‘१९४२ची विलीज’ म्हणून विकायची. हा धंदा चालतो. फसवणूक आहे हे तर झालंच. पण त्याहून वाईट हे, की एक खोटी अमेरिकन जीप मिळवण्यासाठी एक खरी भारतीय जीप कायमची गेली. विलीज-फोर्डच्या युद्धजीप जगात अजून हजारोंनी शिल्लक आहेत, त्यांचे क्लब आहेत, त्यांचे नवे भाग छापील यादीतून मागवता येतात. पहिल्या दशकातली कांदिवलीची जीप, तिचे मूळ पत्रे, तिची मूळ पाटी, तिचं पेट्रोल इंजिन यांची यादी कुणी केलेली नाही. रिस्टोर करण्याची खरी निकड तिला आहे, कारण उद्या ती कुठून मागवता येणार नाही.

खरी-खोटी ओळखायला फार विद्या लागत नाही, चिकाटी लागते. युद्धजीपच्या जाळीला नऊ फटी, नंतरच्या नागरी जीपला सात. युद्धजीपला मागे उघडणारी फळी नसते आणि स्टेपनी मागच्या बाजूला टांगलेली असते. नागरी जीपला मागची फळी उघडते आणि स्टेपनी बाजूला जाते. युद्धजीपमध्ये पेट्रोल भरायचं तर ड्रायव्हरला खाली उतरून आपली सीट उचलावी लागते, टाकीचं झाकण तिच्याखाली असतं. फोर्डने तर आपल्या बोल्टांच्या डोक्यांवरही ‘एफ’ अक्षर उठवलं होतं. रॉकेलमध्ये बुडवलेल्या ब्रशने चॅसिसवरचा ऐंशी वर्षांचा मळ घासता घासता एखाद्या बोल्टावर ते तिरकं ‘एफ’ उमटलं, की काम करणारा माणूस हाक मारून सगळ्यांना बोलावतो. गॅरेजमधला चहा मग मालकाकडून.

पण कोकणातल्या गाडीत अशा अस्सल बोल्टांबरोबर काय काय सापडेल, सांगता येत नाही. सत्तरच्या दशकात पेट्रोल महागलं आणि पेट्रोल जीप पोसणं शेतकऱ्याला, बागायतदाराला परवडेना. कंपनीनेच इंटरनॅशनल ट्रॅक्टरच्या बी-२७५ घराण्यातलं डिझेल इंजिन जीपमध्ये बसवलं. नंतर प्यूजोच्या परवान्यावरचं २११२ सीसीचं डिझेल आलं. गावोगावच्या गॅरेजांनी तेच जुन्या गाड्यांत केलं. पाया कापला, नवे माउंट वेल्डिंग केले, रेडिएटर पुढे सरकवला. डायनामो काढून अल्टरनेटर लावला, सहा व्होल्टचं बारा व्होल्ट केलं. डावीकडचं स्टिअरिंग उजवीकडे आणलं. मागे आंब्याच्या पेट्या रचायला बाक काढून सपाट पत्रा ठोकला. म्हणजे पडवीतली गाडी चॅसिसने टोलेडोची, गिअरबॉक्सने कांदिवलीची, इंजिनाने ट्रॅक्टरची आणि बॉडीने संगमेश्वरच्या एखाद्या वेल्डरची असू शकते. हिला कारखान्यात परत न्यायची, तर कारखाने चार आहेत. आणि चौथ्या कारखान्याला, त्या वेल्डरला, इतिहासात जागा नाही असं कोण म्हणेल? हौशी माणसं त्याला ‘जुगाड’ म्हणून हसतात. ही जरा उर्मट सवय आहे. त्या जुगाडामुळेच गाडी भंगारात गेली नाही आणि आज रिस्टोर करायला शिल्लक राहिली.

शहाणा माणूस म्हणून गाडी उघडताना आधी फोटो काढतो, मग पाना लावतो. प्रत्येक नट कुठून निघाला, कुठला बोल्ट इंची आणि कुठला मिलिमीटरचा, याची वही ठेवतो. ही बाब क्षुल्लक नाही. विलीजचे सगळे आटे इंची आहेत. आजच्या गॅरेजमधला तेरा नंबरचा पाना अर्धा इंचाच्या नटावर बसतो, पण जरा ढिला. जोर लावला की नटाचे कोपरे घासतात, तो गोल होतो, आणि मग छिन्नी, कानस, शेवटी गॅसची ज्योत. रत्नागिरीत जे. के. फाइल्सचा कारखाना उभा राहिला, तिथल्या कानशी देशभर गेल्या. पण गोल झालेल्या नटावर कानस चालवायची वेळ येऊच नये, यासाठी जुन्या बाजारातून इंची पान्यांचा एक सेट मिळवणं ही या उद्योगाची पहिली खरेदी असायला हवी. बाकी सगळं नंतर.

गंजाबद्दल मात्र सविस्तर बोलावं लागेल, कारण इथे तोच खरा मालक आहे.

रत्नागिरीत वर्षाला तीन हजार मिलिमीटरच्या वर पाऊस पडतो, तोही जवळपास सगळा चार महिन्यांत. वर समुद्राची खारी हवा. मिठाचे सूक्ष्म कण पत्र्यावर बसतात, दमट हवेतलं पाणी ओढून घेतात आणि रंगाखालून गंज चालत राहतो. त्यात जांभ्याची लाल माती. जांभ्याचा रंगही लोहाच्या ऑक्साइडचाच, म्हणजे गंजाचा सख्खा भाऊ. चॅसिसच्या बंद पोकळीत जांभ्याचा चिखल जाऊन बसला की बाहेरून कळत नाही लाल काय आहे, माती की लोखंड. मिस्त्री स्क्रू-ड्रायव्हरच्या मुठीने ठोकत जातो आणि आवाज ऐकतो. टणत्कार आला तर ठीक. ‘थप्’ असा मेलेला आवाज आला, की तिथे खडूची खूण. युद्धजीपमध्ये जमिनीखालच्या पन्हळींत आधारासाठी लाकडाच्या पट्ट्या भरलेल्या असत. ते लाकूड पाणी पिऊन बसतं आणि वर्षानुवर्षं आतून पत्रा खातं. पेट्रोल टाकीचा तळ जिथे बसतो तो ड्रायव्हरखालचा खड्डाही असाच. पाणी तिथे जमतं आणि टाकी खालून विरते. जुने कोकणातले ड्रायव्हर मे महिन्याच्या शेवटी गाडीच्या पोटाला जळकं ऑइल फासत. पोट काळं, चिकट आणि घाणेरडं दिसे. आज ज्या गाड्यांचे चॅसिस शाबूत सापडतात, त्यांतल्या अनेकांनी ते ऑइल अंगावर घेतलेलं असतं.

गंज काढायचा एक स्वस्त उपाय हौशी लोकांनी फार चांगला आत्मसात केला आहे. प्लास्टिकच्या पिंपात पाणी, त्यात धुण्याचा सोडा. बॅटरी चार्जरचं ऋण टोक गंजलेल्या भागाला, धन टोक साध्या लोखंडाच्या टाकाऊ पट्टीला. दोन दिवसांत गंज सुटून पट्टीकडे आणि गाळात जातो, मूळ धातूला ओरखडा येत नाही. फक्त धन टोकाला स्टेनलेस स्टील लावायचं नाही, कारण त्यातलं क्रोमियम विषारी होऊन पाण्यात उतरतं. आणि पिंप बंद खोलीत ठेवायचं नाही, कारण वर येणारे बुडबुडे हायड्रोजनचे असतात. बिडी ओढणाऱ्या मदतनिसाला हे आधी सांगावं.

मोकळा केलेला पत्रा इथे एक रात्रही उघडा ठेवता येत नाही. मिऱ्या बंदराच्या बाजूने वारा वाहत असेल तर सकाळी त्यावर केशरी धूळ बसलेली असते. म्हणून ज्या दिवशी पत्रा मोकळा, त्याच दिवशी रेड ऑक्साइडचा हात. रंगकामाला तर ऋतू पाळावाच लागतो. पावसाळ्यात डुको मारला, की हवेतलं बाष्प ओल्या रंगात अडकतं आणि रंगावर दुधाळ पांढरी झाक येते. पेंटर मंडळी थिनरमध्ये रिटार्डर घालून वेळ मारून नेतात, पण चांगला पेंटर जूनमध्ये हात जोडतो. ‘दिवाळीनंतर बघू’ म्हणतो. दिवाळी ते होळी, एवढीच कोकणातली खरी रंगाची मुदत. पुण्यातल्या माणसाला हे कळत नाही आणि तो फोनवर चिडतो.

इंजिनाचीही तीच तऱ्हा. वीस वर्षं उभ्या गाडीत पिस्टन सिलिंडरला धरून बसलेले असतात. उत्साही नातू बॅटरी जोडून सेल मारतो, आणि एक रिंग आणि पिस्टनची कड घालवून बसतो. प्लग काढून प्रत्येक सिलिंडरमध्ये डिझेल आणि ऑइल ओतायचं आणि गाडी विसरून जायची. आठ दिवस, पंधरा दिवस. मग गिअर टाकून गाडी जरा पुढे, जरा मागे, हलकेच हलवत राहायची. एक दिवस आतून दमलेल्या माणसाने कूस बदलावी तसा आवाज येतो. गो डेव्हिलचा बोअर सव्वातीन इंचाला थोडा कमी, म्हणजे ३ पूर्णांक १/८ इंच. बोअर झिजला असेल तर वीस, चाळीस, साठ थाऊपर्यंत (थाऊ म्हणजे इंचाचा हजारावा भाग) वाढवून तेवढे मोठे पिस्टन बसवता येतात. त्यापुढे गेलेल्या ब्लॉकला स्लीव्ह घालावी लागते. आधीच्या दोन-तीन मिस्त्र्यांनी बोअर किती खाल्ला आहे, हे हेड उतरल्यावरच कळतं. रिस्टोरेशनचं अंदाजपत्रक बहुधा तिथेच कोसळतं.

टायर मात्र सोपे. जीपचा मूळ आकार ६.००-१६. आपल्याकडच्या ट्रॅक्टरच्या पुढच्या चाकांनाही हाच आकार लागतो, त्यामुळे दुकानदार न विचारता देतो. नक्षी वेगळी असते, एवढंच.

आता कागद. १५ जुलै २०२१ रोजी केंद्र सरकारने विंटेज वाहनांच्या नोंदणीचे नियम अधिसूचित केले. पहिल्या नोंदणीपासून पन्नास वर्षं उलटलेलं दुचाकी किंवा चारचाकी वाहन, मूळ रूपात जपलेलं, चॅसिस, बॉडी किंवा इंजिनात मोठा फेरफार न झालेलं. अशा वाहनाला ‘व्हीए’ अक्षरांचा वेगळा क्रमांक मिळतो. नव्या नोंदणीचं शुल्क वीस हजार रुपये, फेरनोंदणीचं पाच हजार, मुदत दहा वर्षं. त्यानंतर बरोबर एका आठवड्याने, २२ जुलैला, वाशिष्ठी नदी चिपळुणात शिरली आणि रस्त्यांवरच्या गाड्या छपरापर्यंत बुडाल्या. पाणी ओसरल्यावर नव्या गाड्यांचे कंट्रोल युनिट आणि वायरिंग गेल्यामुळे त्या विमा कंपन्यांच्या हिशेबात गेल्या. जुन्या जीपमध्ये पाण्याने बिघडण्यासारखं विद्युत असं फार काही नसतं. ऑइल बदललं, डायनामो वाळवला, ब्रेकचे ड्रम धुतले की ती पुन्हा चालवण्याजोगी होते. मात्र त्या गाळाने सुरू केलेला गंज आणखी दहा वर्षांनी दिसेल.

नियमातल्या ‘मूळ रूप’ या शब्दांत आधीचाच प्रश्न पुन्हा दडलेला आहे. डिझेल बसवलेली थ्री-बी मूळ रूपात नाही. तिचं पेट्रोल इंजिन शोधून परत बसवलं तर ती मूळ रूपात येते, पण मग तो इंजिन क्रमांक आरसी बुकातल्या क्रमांकाशी जुळत नाही. जानेवारी २०१९ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने स्पष्ट केलं, की वाहनात निर्मात्याच्या मूळ तपशिलाहून वेगळा बदल करता येणार नाही. म्हणजे कायदाही आता ‘कारखान्यातून निघाली तशी’ हीच भाषा बोलतो, फक्त पुरावा मागतो. म्हणून आजोबांचं फाटकं आरसी बुक, जुनी पावती, सरकारी लिलावाचा कागद यांची किंमत नव्या रेडिएटरपेक्षा जास्त. तो लिलावही आता आटला. १ एप्रिल २०२३ पासून पंधरा वर्षांवरच्या सरकारी गाड्यांची नोंदणी रद्द करून त्या भंगारात काढायच्या, असा नियम झाला. तालुक्याच्या कचेरीमागे वेलींनी वेढलेली जीप लिलावात घ्यायची आणि तिला जिवंत करायची, ही जुनी वाट बंद झाली.

आणि मूळ कोणाचं, हा वाद अजून संपलेला नाही, याचा एक मासला. महिंद्राने ‘रॉक्सर’ नावाची, रस्त्यावर न चालवायची जीपसारखी गाडी अमेरिकेत, मिशिगन राज्यात जोडायला सुरुवात केली. २०१८ मध्ये जीप हे नाव तेव्हा ज्यांच्याकडे होतं त्या फियाट-क्रायस्लरने तक्रार केली, की ही आमच्या रूपाची नक्कल आहे. २०२० मध्ये तिथल्या व्यापार आयोगाने तक्रार मान्य केली आणि महिंद्राला गाडीचं तोंड बदलावं लागलं. विलीज-फोर्डने लाखांनी काढलेला, कांदिवलीने दशकानुदशकं बनवलेला चेहरा आयोगापुढे उभा राहिला तेव्हा तो एकाच कंपनीचा ठरला. ज्याने पडवीतली हाय बॉनेट पाहिली आहे, त्याला हा निकाल कायदेशीर वाटेल, पण ओळखीचा वाटणार नाही.

पुढच्या प्रकरणांत चॅसिसपासून ताडपत्रीच्या हूडपर्यंत एकेका भागाची खोल माहिती येईल. वाचणाऱ्याने आधी आपल्या गाडीचं वर्ष ठरवावं, आणि ते कागदावर लिहून भिंतीला लावावं. कांदिवली, १९६४ असं लिहिलं असेल तर पांढरा तारा नाही. टोलेडो, १९४३ असं लिहिलं असेल तर चमकणारा लॅकर नाही.

एक अडचण तरीही राहते. जीपच्या मागच्या फळीवर, आतल्या बाजूला, कडेपासून वितभर अंतरावर पत्रा दबलेला असतो. एकाच उंचीवर, एकाच रेषेत, पाच-सहा ठिकाणी. आंब्याच्या पेट्यांचे कोपरे तिथे टेकत, एप्रिल ते जून, वर्षानुवर्षं. कारखान्यातून निघाली तेव्हा फळी सपाट होती, याबद्दल वाद नाही. लांबी भरली की अर्ध्या तासाचं काम. डेंटर तिथे खडूने गोल काढतो, हातातला पत्र्याचा तुकडा लांबीच्या डब्यावर ठेवतो आणि मालकाकडे बघतो.